विटकरी की निळसर राखाडी? पश्चिमेच्या एका खोलीचा रंग

खोली एकच, १० बाय १२ ची. रंगवायला साडेपाच दिवस लागले आणि रंग ठरवायला अकरा. ज्यांच्या घरात सध्या शेड कार्डावरून वाद चालू आहेत त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं तारीखवार आणि रुपयांसकट लिहून ठेवतेय.

आधी खोली कशी आहे ते, कारण पुढचा प्रत्येक निर्णय यातल्याच कुठल्यातरी गोष्टीवर अडला. जुळे सोलापुरातली जुनी इमारत, सगळ्यात वरचा मजला. खिडकी पश्चिमेला, चार फूट रुंद, आणि समोर मोकळा प्लॉट असल्याने दुपारी तीननंतर ऊन थेट आत. दार पूर्वेच्या भिंतीत. उत्तर आणि दक्षिण या दोन बारा फुटी भिंती अखंड. उंची साडेनऊ फूट. खाली शहाबादी फरशी. जुना रंग पिस्ता, डिस्टेंपरचा, खिडकीखाली पोपडे धरलेला.

२ जानेवारी २०२५, गुरुवार. दुकानातून शेड कार्डांचा जाडजूड पंखा आणला. पाचशे रुपये अनामत ठेवून तो घरी मिळतो, फक्त मागावा लागतो. न मागता हातात पडते ती चार पानी घडी. संध्याकाळपर्यंत दोन रंग उरले आणि ते अगदी दोन टोकांचे. एक विटकरी, जुन्या वाड्याच्या उघड्या विटांसारखा. दुसरा निळसर राखाडी, पाऊस येऊन गेल्यावरच्या आभाळाचा. घरात दोन पक्ष पडले आणि दोन्हीकडचे मुद्दे सारखेच होते: 'मला हाच बरा वाटतो.' यातून पुढे जायचं तर मोजता येईल असं काहीतरी लागतं.

ते कार्डाच्या मागेच असतं. बऱ्याच कंपन्या प्रत्येक शेडच्या कोडजवळ किंवा संकेतस्थळावर एलआरव्ही नावाचा आकडा देतात. शेड किती टक्के प्रकाश परत फेकते, ते शून्य ते शंभरमध्ये. पांढरा ८५ च्या आसपास असतो. आमचा विटकरी निघाला १८ आणि निळसर राखाडी ५८. म्हणजे चारही भिंती विटकरी केल्या असत्या तर खोलीत पडलेल्या उजेडाचा मोठा हिस्सा भिंतींनीच गिळला असता आणि भरदुपारी दिवा लावावा लागला असता. एकाच खिडकीच्या खोलीत चारी बाजूंना ५० च्या खालचा रंग देताना दोनदा विचार करावा, असं माझं मत झालं आहे.

कार्डावरचा चौकोन काडेपेटीएवढा असतो आणि त्याच्या कडेला पांढरा कागद असतो. भिंतीवर तोच रंग जास्त गडद आणि भडक वाटतो, कारण चारी बाजूंनी तोच तो दिसतो आणि एका भिंतीचा रंग दुसऱ्या भिंतीवर सांडतो. त्यामुळे कार्डावर आवडलेल्या शेडपेक्षा त्याच पट्टीतली एक पायरी फिकी शेडही नमुन्याला धरावी. आम्ही निळसर राखाडीत तसं केलं आणि शेवटी तीच फिकी घेतली. वरचा ५८ हा तिचाच आकडा.

४ जानेवारी, शनिवार. दोन्हींचे २०० मिलीचे नमुना डबे बनवून घेतले, दीडशेला एक. दुकानदाराला कंपनी, शेडचा कोड, कुठला इमल्शन (पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग) आणि फिनिश मॅट की चमकदार, एवढ्या चार गोष्टी लिहून द्याव्यात. तोंडी नाव सांगू नये. एकाच नावाच्या जवळपासच्या शेड निघतात. एक गोष्ट तिथेच कळली. फिकी शेड पांढऱ्या बेसमध्ये, म्हणजे छटा मिसळायच्या मूळ पांढऱ्या रंगात बनते. विटकरीसारखी गडद शेड डीप बेसमध्ये, ज्यात पांढरं पिगमेंट जवळजवळ नसतं, म्हणून ती खालचा रंग पटकन झाकत नाही. फिक्याला दोन हात पुरतात, गडद लाल आणि पिवळ्याला तीन धरूनच चालावं. दुकानात दोन्हींचा लिटरचा भाव सांगतात तेव्हा फरक पन्नासाचा वाटतो. खरा फरक या तिसऱ्या हातात असतो.

सगळे करतात ते, म्हणजे भिंतीवर हातभर ठिगळ मारून बघणं, आम्ही केलं नाही. जुन्या पिस्त्यावर राखाडी लावला की शेजारच्या हिरव्यामुळे तो गुलाबीकडे झुकलेला दिसतो. डोळ्यांचा दोष नाही, रंग नेहमी शेजाऱ्याकडे बघूनच दिसतो. शिवाय ठिगळ एका जागी अडकतं, आणि इथे प्रश्न भिंतीभिंतीतल्या फरकाचा होता. म्हणून ड्रॉइंगचे पांढरे कार्डशीट आणले, २२ बाय २८ इंची, पंधरा रुपयांना एक. प्रत्येक रंगाला दोन. ५ तारखेला, रविवारी, दोन-दोन हात दिले, मध्ये चार तास सोडून. वाळल्यावर कडेची पांढरी पट्टी कापून टाकली. ती राहिली तर रंग उगाच गडद वाटतो. ओल्या रंगावरून मत बनवू नये. इमल्शन ओला असताना दुधाळ आणि फिका दिसतो, वाळला की एक छटा गडद होतो.

६ ते १२ जानेवारी, सात दिवस शीट भिंतींवर फिरवले. रोज एक भिंत, आणि दिवसातून चार वेळा बघायचं: सकाळी साडेसात, दुपारी एक, संध्याकाळी पाच, रात्री नऊ. एक शीट मधोमध दुमडून कोपऱ्यात बसवला, कारण दोन भिंती मिळतात तिथे रंग एकमेकांत मुरून सगळ्यात गडद होतो.

सकाळी पश्चिमेच्या खोलीत ऊन नसतं, नुसता आकाशाचा निळसर उजेड असतो. त्यात विटकरी गार झालेल्या चहासारखा, तपकिरी आणि मेलेला. निळसर राखाडी स्वच्छ, पण जानेवारीच्या सकाळी अंगावर शाल ओढावीशी वाटेल इतका थंड. दुपारी एकला दोन्ही आपापल्या कार्डासारखे. रंगाची दुकानं बहुतेक याच वेळी आपण बघतो, म्हणून तिथे सगळंच आवडतं.

पाच वाजता खरी गंमत. ऊन तिरपं आत आलं की विटकरी पेटायचा. शीटसमोरचं छत केशरी व्हायचं आणि शेजारच्या राखाडी शीटच्या कडेवर गुलाबी सावली यायची, एवढ्याशा २८ इंची तुकड्यामुळे. भिंतभर असता तर? त्याच उन्हात निळसर राखाडी आपला निळेपणा टाकून देत होता. गुळाच्या पाण्याचा हात दिल्यासारखा, वाळूच्या रंगाकडे जायचा. वाईट नाही, पण ज्या निळ्यासाठी तो घ्यायचा तो संध्याकाळी तासभर गायब असतो, हे माहीत असलेलं बरं.

रात्रीचा निकाल दिव्यावर ठरतो. खोलीत ६५०० केल्विनची पांढरी एलईडी ट्यूब होती. तिच्या उजेडात निळा जास्त आणि लाल कमी, म्हणून राखाडी सरकारी शाळेच्या व्हरांड्यासारखा आणि विटकरी आमसुली. मग ३००० चा पिवळट बल्ब लावून पाहिला. विटकरी खुलला, पण राखाडीला हिरवी झाक आली. ४००० वर दोघंही जागेवर आले. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा. स्वस्त दिव्यांत तो ८० च्या आसपास आणि त्यात लाल-विटकरी मार खातात. ९० चा घेतला. रंगाचा निर्णय व्हायच्या आधी दिवा बदलला गेला, आणि क्रम तोच बरोबर आहे.

मोबाइलचे फोटो पाठवून नातेवाइकांचं मत मागू नका. कॅमेरा आपल्या मनाने पांढरं ठरवतो आणि राखाडीचा रोज वेगळा रंग दाखवतो. पाठवायचेच असतील तर दोन्ही शीट एका फोटोत, मध्ये कोरा कागद धरून.

फरशीचंही गणित असतं. शहाबादी स्वतःच निळसर राखाडी. राखाडी शीट खाली टेकवला की भिंत कुठे संपते आणि फरशी कुठे सुरू होते ते कळेना. विटकरी मात्र त्या फरशीवर ठसठशीत उठायचा. पलंगावरच्या लाल-पांढऱ्या सोलापुरी चादरीचं उलटं झालं: विटकरीजवळ ती विरून गेली, राखाडीजवळ तिच्या काठावरची नक्षी दारातून दिसायला लागली.

या आठवड्यात एक चूक होता होता राहिली. जानेवारीत ऊन उत्तरेच्या भिंतीवर पडत होतं, दक्षिणेची भिंत पूर्ण सावलीत. म्हणून 'दक्षिणेची सावलीतली, तिला विटकरी देऊ' असं जवळजवळ ठरलं होतं. पण सूर्य बारा महिने एका जागी मावळत नाही. जानेवारीत आपल्याकडे तो पश्चिमेच्या साधारण २३ अंश दक्षिणेला मावळतो, म्हणून किरण तिरपे होऊन उत्तरेच्या भिंतीवर जातात. मेअखेरीस तो तेवढाच उत्तरेला मावळतो. शिवाय सोलापूर १७.७ अक्षांशावर असल्याने मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य भरदुपारीसुद्धा आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात खिडकीतून येणारं ऊन दक्षिणेच्या भिंतीकडे झुकणार. हिवाळ्यातली चाचणी डोळे झाकून मानली असती तर विटकरी भिंत बरोबर मे महिन्यात पेटली असती.

हे कळल्यावर मांडणी आपोआप लागली. पूर्वेची भिंत खिडकीसमोर, तिच्यावर दोन्ही ऋतूंत ऊन, तिथे विटकरी नको. पश्चिमेची भिंत खिडकीची. तिच्यावर बाहेरचं ऊन पडतच नाही, म्हणून दिवसा तीच सगळ्यात काळवंडलेली दिसते. तिला गडद दिला तर चकचकीत खिडकी आणि अंधारी भिंत यांच्यामध्ये डोळे दिपतात. खिडकीची भिंत फिकीच हवी. दक्षिण वर सांगितल्याप्रमाणे बाद. उरली उत्तर: थंडीत तिच्यावर ऊन येतं, तेव्हा ऊब हवीच असते, उन्हाळ्यात ती सावलीत गप्प राहते. पलंगाचं उशाकडचं टोक दक्षिणेला, म्हणजे पडल्यावर समोर दिसते तीच. १२ जानेवारीला रात्री ठरलं: उत्तर विटकरी, बाकी तीन निळसर राखाडी, छत पांढरं. दोन्ही पक्षांना आपण जिंकलो असं वाटलं.

एक गैरसमज मात्र दोन्ही पक्षांत होता, निळ्याने खोली थंड होईल म्हणून. आतल्या रंगाने तापमान हलत नाही. वरच्या मजल्यावर उष्णता उतरते ती स्लॅबमधून, आणि मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला की भिंत विटकरी असो की बर्फाच्या रंगाची, पंखा गरमच वारा टाकतो. त्यासाठी खर्च गच्चीवर पांढरा थर देण्यात करावा. निळा थंड दिसतो, एवढंच.

पेंटर १३ ला बघायला आले आणि म्हणाले, "ताई, गड्डा झाल्याशिवाय कामाला हात लावत नाही. संक्रांतीला आमची माणसं नंदीध्वजाला असतात की." गड्डा म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांची यात्रा, आणि नंदीध्वज म्हणजे तिच्या मिरवणुकीतल्या उंच काठ्या. एरवी रंगाच्या ठिपक्यांच्या शर्टात दिसणारे लोक तेव्हा पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत. जानेवारीत सोलापुरात रंगकाम काढणाऱ्यांनी हा आठवडा सोडूनच तारीख धरावी. आम्हाला २१ मिळाली.

तोवर मोजमाप आणि कागद. भिंती ४४ फूट गुणिले साडेनऊ म्हणजे ४१८ चौरस फूट, छत १२०, एकूण ५३८. दार (२१) आणि खिडकी (१८) वजा करायची की नाही, हा पहिला प्रश्न. कंत्राटात बहुतेक वजा करत नाहीत, कारण त्यांच्या कडा सांभाळण्यात तेवढाच वेळ जातो. तक्रार नाही, पण आधी विचारून कागदावर घ्यावं. मालासकट भाव आला २८ रुपये फूट, म्हणजे १५,०६४. त्यात 'दोन हात' लिहिलं होतं आणि विटकरीला तीन लागणार होते. त्यामुळे माल आपला, मजुरी रोजावर असं ठरवलं: पेंटर ९००, हाताखालचा ६००. भाव ठरवताना हातांची संख्या, जुना रंग खरवडायचा की नुसता घासायचा, आणि सामान हलवणं कोणाकडे, हे तिन्ही बोलून घ्या. भांडणं इथेच होतात.

१५ ला सोसायटीकडे अर्ज दिला, १७ ला सही मिळाली. अटी: काम १० ते ६, दुपारी २ ते ४ घासकाम बंद, पुट्टीचं पाणी गटारात ओतायचं नाही. ही शेवटची अट रास्त आहे. पुट्टीत पांढरं सिमेंट असतं, ते पाइपात बसून दगड होतं. बादली रात्रभर ठेवून निवळ वरचं पाणी ओतायचं, खालचा गाळ कचऱ्यात.

पाणी हा आपल्याकडचा वेगळा विषय. नळ तेव्हा चार-पाच दिवसांआड यायचा, आणि बोअरचं पाणी क्षारांचं. पुट्टी, प्रायमर आणि रंग कालवायला बोअरचं वापरलं तर पुढे भिंतीवर पांढरा खार फुटायची भीती. म्हणून २० ला नळ आला तेव्हा एक ड्रम वेगळा भरून ठेवला. ब्रश धुवायला बोअरचं चालतं.

२१, मंगळवार. खरवडणं. डिस्टेंपरवर थेट पुट्टी मारली तर पुट्टी डिस्टेंपरला चिकटते आणि डिस्टेंपर भिंत सोडतो. वर्षभरात पापुद्रा हातात. पाणी मारून, दहा मिनिटं थांबून, पत्र्याने काढला. खिडकीखालचे पोपडे गिलाव्यापर्यंत गेले होते. कारण बाहेरच्या सज्जाची भेग, ती आधीच भरून घेतली होती. ओल चालू असताना आतून रंग देणं म्हणजे पैसे भिंतीला पुसणं. दाराच्या चौकटीला जुना ऑइल पेंट होता, तो कोरडा घासू दिला नाही. भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइल पेंटच्या धुळीचा भरवसा नाही. पाण्याचा पॉलिश पेपर वापरायचा, तोंडाला मास्क, लहान मुलं दुसऱ्या खोलीत.

२२ ला पुट्टी. ४० किलोची गोणी ९५० रुपये, लागली २८ किलोच्या आसपास. कालवलेली पुट्टी दोन-तीन तासांत संपेल एवढीच घ्यावी, घट्ट झाल्यावर वरून पाणी घालून फेटलेली नंतर भुकटी सोडते. पहिला हात आडवा, चार-पाच तासांनी दुसरा उभा.

२३ ला घासकाम, आधी १८० चा पेपर, मग ३२०. त्याआधी २२ च्या रात्री एक गोष्ट केली, ती प्रत्येकाने करावी. खोलीत अंधार करून टॉर्च भिंतीला चिकटवून आडवी धरली. दिवसा गुळगुळीत वाटणाऱ्या उत्तरेच्या भिंतीवर पट्टीच्या लाटा, खड्डे, एक जुन्या खिळ्याचा फुगवटा, सगळं सावल्यांसकट वर आलं. पेन्सिलीने गोल केले, एकूण एकवीस. फिक्या भिंतीवर यातले निम्मे खपून गेले असते. गडद रंगावर संध्याकाळचं तिरपं ऊन हेच काम रोज करणार. म्हणून विटकरीला मॅट फिनिशच घेतलं. चमक असली की प्रत्येक लाट दुप्पट दिसते.

दुपारनंतर प्रायमर, पाण्याचा, चार लिटर ७६० रुपये. उत्तरेच्या भिंतीसाठी वेगळ्या बादलीत प्रायमर काढून त्यात पाव लिटर विटकरी मिसळला. खालचा थर फिकट गुलाबी झाला की वरच्या हाताला पांढऱ्याशी झगडावं लागत नाही. एवढं करूनही तीन हात लागलेच. नसतं केलं तर चौथा.

रंग २३ लाच एकदम आणला. निळसर राखाडी: दार-खिडकी वजा जाता तीन भिंती २६५ चौरस फूट. डब्यावर दोन हातांना लिटरमागे १२० ते १४० लिहिलं होतं, आम्हाला प्रत्यक्षात ११५ पडलं. तीन लिटर आणला, ७०० मिली उरला. विटकरी: उत्तर भिंत ११४ चौरस फूट, तीन हात, दोन लिटर. मशीनवर बनलेला रंग दुकान परत घेत नाही, म्हणून हिशेब घरी करून जावं. पण कमीही पडू देऊ नये. दुसऱ्या दिवशी बनवलेला डबा केसभर वेगळा निघतो आणि तो फरक बरोबर भिंतीच्या मधोमध दिसतो. एकाच वेळी बनवलेले तीन डबेसुद्धा एका बादलीत एकत्र करून मगच लावले.

क्रम असा: छत, मग फिका, मग गडद. २४ ला निळसर राखाडीचे दोन हात झाले. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, मापाने. रात्री नवीन दिव्यात पूर्वेच्या भिंतीवर हातभर मंद डाग दिसला. दुपारी तिथे प्लग हलवल्यावर पुट्टी भरली होती आणि त्यावर प्रायमर द्यायचा राहिला होता. कोरी पुट्टी रंग शोषते आणि तेवढीच जागा फिकी पडते. त्या जागी प्रायमर, मग एक हात, पण ठिगळापुरता नाही; कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत.

२५, शनिवार, विटकरी. दोन रंग भेटतात ती रेघ बरोबर कोपऱ्यात येत नाही, कारण कोपरा कधी सरळ नसतो. आमचा वायव्येचा कोपरा मध्येच आठ मिलिमीटर बाहेर होता. ओळंबा धरून पेन्सिलीची रेघ मारली आणि मास्किंग टेप तिच्यावर लावली. टेप आधी कापडावर एकदा दाबून तिचा जोर मारला, नाहीतर एका रात्रीचा राखाडी उचकटून येतो. मग टेपच्या काठावरून राखाडीचाच एक पातळ हात. रंग टेपखाली झिरपतोच. राखाडी झिरपला तर तो राखाडीवरच जातो आणि फट बुजते. त्यावर मग विटकरी. शेवटच्या हाताला टेप रंग अर्धवट ओला असतानाच काढायची, तिरपी, सावकाश. दोन वेळा टेप लावावी लागली, पण रेघ सुरीने कापल्यासारखी आली.

पहिला हात ठीक. दुसरा दुपारी एकला सुरू झाला आणि हाताखालच्या मुलाने, लवकर वाळावं म्हणून, पंखा लावला. अडीच वाजता भिंतीवर फूट-फूट रुंदीचे उभे पट्टे. रोलरचा एक पट्टा वाळायच्या आत दुसरा त्याला भिडला पाहिजे. काठ वाळला की तिथे रंग दुहेरी बसतो. फिक्या रंगात हे दिसत नाही, गडद मॅटमध्ये चादरीच्या पट्ट्यांसारखं दिसतं. आपली हवा कोरडी, जानेवारीतही. पेंटर मान हलवत म्हणाले, "आता वरून चोळत बसला की अजून बिघडतंय, ताई. वाळू द्या. सोमवारी सकाळी एका दमात मारू." तसं राहिलं. रविवारभर ती पट्ट्यापट्ट्यांची भिंत बघून 'चारही राखाडीच केल्या असत्या तर' हे वाक्य घरात तीनदा ऐकलं.

२७, सोमवार, सकाळी आठ. सोसायटीची वेळ १० ची, पण रोलरचा आवाज नसतो, आधी सांगून ठेवलं. पंखा बंद, खिडकी बंद, पडदा ओढलेला. एकाने ब्रशने छताजवळची आणि कोपऱ्याची कड मारायची, ती ओली असतानाच दुसऱ्याने नऊ इंची रोलरने तीन फुटांचा पट्टा वरपासून खालपर्यंत भरायचा, शेवटचा फेर सगळा वरून खाली. मध्ये थांबणं नाही, चहा नंतर. बारा फुटी भिंत पस्तीस मिनिटांत झाली. दुपारी पट्टे नव्हते.

खर्च: नमुना डबे, शीट आणि ब्रश ४२०, पुट्टी ९५०, प्रायमर ७६०, निळसर राखाडी १,७७०, विटकरी १,२८०, छताचा पांढरा ६२०, पेपर-टेप-प्लास्टिक-रोलर ६००, मजुरी पाच दिवसांची ७,५०० आणि सोमवारच्या अर्ध्या दिवसाचे ७५०. एकूण १४,६५०. कंत्राटापेक्षा वाचले ४१४ रुपये, म्हणजे पैशासाठी हा खटाटोप कोणी करू नये. दिव्याचे पैसे यात धरलेले नाहीत.

पहिला महिना भिंत पुसायची नाही. इमल्शन हाताला तासाभरात कोरडा लागला तरी पूर्ण टणक व्हायला तीन-चार आठवडे घेतो. डब्याच्या झाकणावरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवला, त्यावर बेस आणि त्यात मिसळलेल्या प्रत्येक स्टेनरचं, म्हणजे छटेच्या रंगाचं, माप असतं. उरलेला रंग लहान काचेच्या बरणीत काठोकाठ भरून ठेवला, कारण मोठ्या डब्यात हवा राहिली की वर साय धरते.

१८ मेला संध्याकाळी सहा वाजता मुद्दाम खोलीत जाऊन पाहिलं. उन्हाचा पट्टा पूर्वेच्या भिंतीवरून वळून दक्षिणेच्या शेवटच्या दोन फुटांवर आला होता. राखाडी वाळूच्या रंगाचा झालेला, छत पांढरंच. विटकरी सावलीत. फक्त तिच्यावर, स्विचबोर्डाच्या उजवीकडे, बोटभर चकाकी दिसली. तेलाचा हात लागला होता आणि कोणीतरी ओल्या फडक्याने जोरात घासला होता. गडद मॅट घासला की तेवढ्यापुरता पॉलिश होतो आणि ते पुसून जात नाही. तिथे आता बरणीतला रंग स्पंजच्या तुकड्याने थोपटून बघायचा आहे, ब्रशने नाही, कारण बाकीची भिंत रोलरची आहे आणि ब्रशचा पोत वेगळा दिसतो.